पुढचा भाग खाली असलेली इलेक्ट्रिक कार रावेर-यावलकडच्या रस्त्यांवर चालेल का?

चालेल, मात्र घेताना केवळ ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे त्याचा, आकडा न पाहता, पुढचा बंपर चाकाच्या किती पुढे आणि किती खाली आला आहे हेही पाहावे, कारण गतिरोधकावर प्रथम तोच घासतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे चांगला पसरट असतो. आपल्याकडे गावांत मात्र केळीच्या ट्रकांना आवर घालायला लोकांनीच केलेले अरुंद, उभे उंचवटे भेटतात, आणि खरी अडचण तीच आहे. तिथे ब्रेक आधीच लावून उंचवट्यावर चढताना सोडून द्यावा, कारण ब्रेक दाबलेला असताना, किंवा रीजनरेशन (पाय उचलताच मोटर गाडीचा वेग कमी करून बॅटरी चार्ज करते ती सोय) तीव्र ठेवून पाय उचलल्यावरही, गाडीचे नाक खाली झुकते. रस्ता मोकळा असेल तर थोडे तिरपे, एकेक चाक चढवत जावे. बंपरखालची प्लास्टिकची पट्टी घासली तर फारसे बिघडत नाही, ती बदलता येते. पुढच्या व मागच्या चाकांमध्ये, जिथे बहुतेक गाड्यांची बॅटरी असते, तिथे दणका बसल्यास मात्र गाडी सुरळीत चालत असली तरी लिफ्टवर घेऊन तपासून घ्यावी.