ग्लायडरचा फ्लाइट रेकॉर्डर लॅपटॉपला आणि फोनला कसा जोडायचा? सॉकेट लॅनसारखं दिसतंय, लॅन केबल चालेल का?

नाही चालणार. ती केबल आधी लॅपटॉपपासून लांब ठेवा.

सॉकेट आरजे-45 आहे खरं, पण आत इथरनेट नाही. जुनं आरएस-232 सीरियल (एकेक बिट पाठवणारी जुन्या पद्धतीची जोडणी) आहे, आणि त्याच सॉकेटातून रेकॉर्डरला 12 व्होल्टचा पुरवठाही जातो. बऱ्याच रेकॉर्डरांत पिन 1-2 वर 12 व्होल्ट, 7-8 वर ग्राउंड आणि 5-6 वर डेटा असतो. काहींना सहा पिनांचं छोटं सॉकेटही असतं. त्यामुळे नेटवरच्या कुठल्याही चित्रावर विसंबू नका, तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल काढा.

हडपसरच्या धावपट्टीशेजारी बसून मी या केबलींशी बरेच रविवार झटापट केली आहे. दहातल्या नऊ वेळा सॉफ्टवेअर ठीक असतं, घोळ वायरींत असतो. म्हणून आधी मल्टिमीटर. रेकॉर्डर चालू करा, काळा प्रोब ग्राउंडवर ठेवा आणि डेटाच्या पिना तपासा. जिथे उणे पाच-सहा व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आकडा दिसेल, ती रेकॉर्डरची बोलणारी पिन. ती यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीला सीरियल जोडून देणाऱ्या केबलच्या, ऐकणाऱ्या पिनला जोडायची. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या टोकाला ऐकणारी 2, बोलणारी 3, ग्राउंड 5. बारा व्होल्टची वायर या टोकाला आणूच नका, ती बॅटरीकडे.

कन्व्हर्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळून जाईल, पण फार स्वस्तातला नको; त्यात नकली चिप निघाली तर विंडोजचा ड्रायव्हर तिला ओळखत नाही. घरी आणल्यावर 2 आणि 3 वायरीने जोडून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (सीरियलवर अक्षरं पाठवणारा-दाखवणारा प्रोग्रॅम) काहीतरी टाइप करा. तीच अक्षरं परत आली तर कन्व्हर्टर चांगला. मग रेकॉर्डर जोडा. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या की जमलं. अगम्य चिन्हं आली तर बॉड रेट (डेटाचा वेग) चुकलाय: 4800, 9600, 19200, 38400, 57600 असे बदलत पाहा.

अँड्रॉइड फोनला हाच कन्व्हर्टर ओटीजी केबलने लागतो, एक्ससीसोअर हे ग्लायडिंगचं नेव्हिगेशन ॲप तो ओळखतं. वायर नको असेल तर एचसी-05 ब्लूटूथ मॉड्यूल स्वस्त आहे, पण त्याची डेटा पिन 3.3 व्होल्टची, मध्ये व्होल्टेज जुळवणारा मॅक्स-3232 लागतोच. मी घाईत थेट जोडून एक जाळलं आहे. आयफोनला एचसी-05 जोडलं जात नाही. नव्या रेकॉर्डरांना यूएसबी किंवा मेमरी कार्ड असतं, तिथे हा सगळा खटाटोप नाही.

आता फाइल. ग्लायडिंगच्या सिल्व्हर बॅजचं 5 तासांचं उड्डाण दाखवायचं असेल तर रेकॉर्डरने उड्डाणाची नोंद केलेली आयजीसी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, हवी तितकी वाचा, पण काही बदलून सेव्ह करू नका. शेवटच्या ‘जी’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे रेकॉर्डरची डिजिटल सही, एक आकडा हलला तरी ती जुळत नाही. रेकॉर्डरचा डबाही उघडू नका. आतला छोटा स्विच सुटला की सहीची किल्ली पुसली जाते. आणि बी0530 अशी ओळ पाहून घड्याळ बिघडलं समजू नका, ती 05:30 ची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. आपल्याकडे तेव्हा सकाळचे 11 वाजलेले असतात.

मॉडेल कोणतं ते कमेंटमध्ये लिहा, मॅन्युअल पाहून पिना सांगतो.