दाढांच्या खर्चाआधी विम्याचा हप्ता थांबवा

सांगलीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ६१, गेल्या वर्षी खाजगी कंपनीतून निवृत्ती, मधुमेह आहे, पत्नी ५८ वर्षांच्या. खालच्या जबड्यातील उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा तीन वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या. त्या जागी दोन इम्प्लांट (हाडात रुजवलेले कृत्रिम दात) बसवण्याचे दंतवैद्यांनी ९०,००० रुपये सांगितले असून रोख दिल्यास ८२,००० घेणार आहेत. मुदत ठेव मोडावी की १८ महिन्यांचा ‘बिनव्याजी’ हप्ता घ्यावा, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे : ‘बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड प्लॅनमध्ये विमाही आहे, त्यातून हा खर्च नंतर परत मिळेलच.’

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. हप्ता बिनव्याजी नाही. रोखीची ८,००० रुपयांची सवलत सोडायची आणि वर २,००० रुपये प्रक्रिया शुल्क भरायचे, म्हणजे हे कर्ज वर्षाला सुमारे १५ टक्क्यांनी पडते. मुदतीआधी ठेव मोडल्यास साधारण एक टक्का व्याज कमी मिळेल. तेव्हा ठेव मोडा, पण लागेल तेवढ्याच रकमेची पावती मोडा.

इम्प्लांटवरचा खर्च मला अवाजवी वाटत नाही. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या पक्क्या दातांसाठी, रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात असावे लागतात आणि ते चांगले असले तरी तासावे लागतात. आपल्या तर शेवटच्याच दाढा गेल्या आहेत, म्हणजे मागे आधार नाही. काढता-घालता येणारी कवळी स्वस्त असते, पण तिने चावण्याचा जोर कमी मिळतो आणि खालचे हाड झिजत राहते. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजत असल्याने चावण्याचा भार हाडावर येतो व त्याची झीज कमी होते. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, आणि समोरची वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरत असेल तर तेही थांबते. मात्र तीन वर्षांत हाड किती उरले आहे, ते वाढवण्याचा खर्च या ९०,००० मध्ये धरला आहे का, आणि वरची कॅप धरून हा आकडा आहे का, हे लेखी घ्या. रक्तातील साखर आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रिया करून घेऊ नका. स्क्रू रुजायला काही महिने लागतात व कॅप त्यानंतर बसते, म्हणून पैसेही दोन टप्प्यांत घेण्याची विनंती करा.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. आपल्या प्लॅनमधला विमा हा आयुर्विमा आहे. त्यातून दातांचाच काय, रुग्णालयाचा एक रुपयाही मिळणार नाही. (अपघात वगळता दातांचा खर्च बहुतेक मेडिक्लेममध्येही बसत नाही.) या समजुतीपोटी कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम संपताना आपण वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेतला नाही, ही खरी चूक आहे. आज मधुमेह असलेले आपण आणि आपल्या पत्नी, दोघेही आरोग्य विम्याविना आहात.

प्लॅनचे गणित पाहा. वर्षाला २ लाख, पाच वर्षे, आणि दहाव्या वर्षाअखेर १४ लाख. ‘दहाचे चौदा’ ऐकायला बरे वाटते, पण हा परतावा जेमतेम सव्वाचार टक्के आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील आपल्या ३० लाखांवर ८.२ टक्के मिळत असताना निवृत्त माणसाला असा प्लॅन विकणे मला संतापजनक वाटते. कर वाचतो म्हणावे, तर आपल्या उत्पन्नावर करच लागत नाही. शिवाय अजून ८ लाख भरायचे आहेत आणि ठेवीत आहेत ६ लाख. हे पैसे येणार कुठून, हा प्रश्न विकणाऱ्याने विचारायलाच हवा होता.

फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी न पटल्यास परत करण्याचे, ३० दिवस उलटून गेले आहेत. तरीही पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असल्याने, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच बंद केल्यास परत मिळणारी रक्कम) मिळायला हवे. सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास मिळणारी कमी रक्कम) असे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. भरलेल्या दोन लाखांपैकी निम्मेच हाती आले असे धरू. तो एक लाख आणि पुढचे चार हप्ते सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर त्याच तारखेला सुमारे १५ लाख होतात आणि मधल्या काळात पैसे आपल्या हाताशी राहतात. म्हणून पुढच्या महिन्यातील दुसरा हप्ता भरू नका आणि खात्यातून तो आपोआप कापला जाण्याचा आदेश आजच रद्द करा. ‘विमाही आहे’ हे आपल्याला कोणत्या शब्दांत सांगितले गेले ते नमूद करून विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.

ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज महिन्याला सुमारे २०,५०० आणि ठेवीचे ३,५०० असे २४,००० येतात, त्यात ३,००० पेन्शनची भर. आपला खर्च २२,००० आहे. उरणाऱ्या ५,००० मध्ये दोघांचा आरोग्य विमा बसवावा लागेल, आणि मधुमेहामुळे हप्ता वर्षाला ५० ते ६० हजारांच्या घरात जाऊ शकतो. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी लागू शकतो, म्हणून त्या काळासाठी ठेवीतील निदान ४ लाख दुसऱ्या कशालाही वापरू नका. अर्जात मधुमेह स्पष्ट लिहा. एजंट ‘नाही लिहिले तरी चालते’ म्हणाला, तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतो आणि तेव्हा एजंट समोर नसतो.