देवळीतली छडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते नवरा-बायको माझ्याकडे सल्ला घ्यायला आले होते, ऐन वेचणीच्या दिवसांत, एक दिवसाचं काम बुडवून. सोबत पाच वर्षांचा मुलगा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. आईचं म्हणणं असं, की लेकरू दीड वर्ष रात्री कोरडं राहायचं आणि आता चार महिन्यांपासून पुन्हा अंथरूण ओलं करतं. विचारलं की खोटं बोलतं. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली की खाटेखाली जाऊन दडतं.

वडिलांची चिंता वेगळी होती. "ताई, मी त्याले रागात मारत नाही जी. वचन वाचतो, समजावतो, मंग दोन शिमट्या देतो. शास्त्रातच हाय ना, जो छडी आवरते तो लेकराचा वैरी. मी मारलं नाही अन् पोट्टं बिघडलं, तं देवाले काय तोंड दाखवू?"

हा प्रश्न मला नवा नाही. ख्रिस्ती धर्मशिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळातच होती. या भागात पिढ्यान् पिढ्या शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारी घरं आहेत आणि त्यातल्या नीतिसूत्रांतली ती ओळ बहुतेकांना पाठ असते. असा प्रश्न घेऊन येणारा बाप निर्दय नसतो. बहुतेक वेळा तो भ्यायलेला असतो.

माझ्या खोलीत कपाटावर मराठी पवित्र शास्त्र ठेवलेलं असतं. मुलगा लाकडी बैलांशी खेळत होता. त्याची नजर तिकडे गेली आणि त्याने स्टूल मागे सरकवलं. मी सहज विचारलं, "कोणतं पुस्तक आहे रे ते?"

"माराचं."

वडील दारातच बसले होते, त्यांनी ऐकलं. आई हळूच म्हणाली की घरी चिंचेची शिमटी भिंतीतल्या देवळीत असते, शास्त्राच्या शेजारी. आधी पुस्तक खाली येतं, मग शिमटी. पाच वर्षांच्या लेकराने त्या दोन वस्तूंची सांगड घातली, यात त्याचं काय चुकलं? रागाच्या भरात पडलेला धपाटा वाईटच. पण वचन वाचून, शांतपणे, ठरवून दिलेला मार मला त्याहून जास्त घाबरवतो. रागावलेल्या बापापासून लेकरू आईकडे पळतं. देवच मारतो असं वाटलं तर त्याने कोणाकडे पळायचं?

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा आजीही होती. तिला हे सगळं पटलेलं नव्हतं. "मी चार वाढवले, चारही मार खाऊन सुधरले," ती म्हणाली. मी विचारलं, यांच्या लहानपणी अंथरुणाचा त्रास होता का? आजी लेकाकडे बघून म्हणाली, "नऊ वर्साचा होता तरी ओलं करे हा. लई मारलं याले त्यापायी." वडिलांनी मान खाली घातली. बराच वेळ कोणी बोललं नाही.

मग आम्ही वचनांवर बोललो. ते वचन शास्त्रात नाही असं मी म्हटलं नाही. आहे, आणि त्याहून कडकही आहेत. पण नीतिसूत्रांत छडीसाठी जो मूळ इब्री (हिब्रू) शब्द येतो, तोच स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या हातात आहे: "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." आपल्याकडे शेळ्या राखणाऱ्याकडे आकडी असते. तिने तो बाभळीची फांदी खाली ओढतो, चुकलेल्या शेळीला वळवतो. शेळी आकडी बघून पळत नाही, उलट जवळ येते. त्याच नीतिसूत्रांत मूर्खाच्या पाठीला काठी असंही लिहिलं आहे. तरी घरातल्या मोठ्या माणसाच्या चुकीवर आपण काठी काढत नाही. तिथे आपण अर्थ शोधतो. मग सगळ्यात लहान माणसाच्या बाबतीतच अक्षर का धरून बसायचं? आणि प्रेषित पौलाने बापांना सरळ नाव घेऊन सांगितलं आहे: "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका."

वडील ऐकत होते, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं. मग मी विषय शेतावर आणला. नवा गोऱ्हा औताला कसा शिकवता?

"जुन्या बैलासंगं जुंपतो. त्याच्या चालीनं चालते."

"तुतारीची टोकदार काठी टोचता?"

"नव्याले? नाही जी. बिथरते. मंग जू पाह्यलं का खालीच बसते, जन्मभर." एवढं बोलून ते थांबले. खाटेखाली दडणारं पोरगं त्यांना तिथे दिसलं असावं. "माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका," हे येशूचं वाक्य त्यांना पाठ होतं. ते त्यांनी स्वतःच म्हटलं, मला म्हणावं लागलं नाही.

पुढचं काम साधं होतं, पण सोपं नव्हतं. शिमटी देवळीतून काढली. प्रार्थनेच्या वेळी दिवसभराच्या चुकांचा विषय काढायचा नाही, लेकरू खाटेखाली बसलं तर तिथूनच ऐकू द्यायचं. अंथरुणासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घेतली. तिथे काही निघालं नाही. या वयात झोपेतली लघवी मुलाच्या हातात नसते, त्यामुळे तिची शिक्षा होऊच शकत नाही. झोपण्याआधी बाहेर नेऊन आणायचं आणि सकाळी गोधडी न बोलता वाळत घालायची. आजीला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

खोटं बोलण्याचं मूळ बहुधा आपल्या प्रश्नात असतं. त्या आठवड्यात पोराने वासराचं दावं सोडलं आणि वासरू सगळं दूध पिऊन गेलं. "तूच सोडलं ना?" असं विचारलं तर मार ओळखणारं लेकरू नाहीच म्हणणार. मी म्हटलं, ठाऊक असलेलं विचारू नका, सांगा: "वासरू सुटलं, आज चहाला दूध नाही. उद्यापासून सकाळी तू माझ्यासोबत वासरू बांधायला येशील." सात दिवस, रोज, बाप शेजारी उभा. माझ्या मते ही दोन शिमट्यांपेक्षा कडक शिस्त आहे, कारण यात बापालाही सात दिवस उठावं लागतं. मारणं सोडलं म्हणजे मोकाट सोडलं, हा समज मला इथे घरोघरी भेटतो. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली, तेव्हाही लोक असंच म्हणाले होते.

सगळं सुरळीत झालं नाही. नाताळाच्या आठवड्यात रात्री त्यांचा फोन आला. कापसाला मनासारखा भाव मिळाला नव्हता, घरी आले तर पोराने पिठाचा डबा सांडलेला.

"आज हात उचलला जी, ताई."

"मग?"

"मंग अंगणात जाऊन बसलो. परत येऊन त्याले म्हनलं, बाप चुकला. बापानं लेकराले असं म्हनलं तं चालते का?"

चालतं, मी म्हटलं. मुलगा काय म्हणाला?

"काही नाही. मले हात धरून गोठ्यात नेलं. दाव्याची गाठ दाखवली, त्यानं एकट्यानं बांधलेली."