गाळ जरूर काढा, पण काठ राखा

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: गावच्या पाझर तलावाभोवती ऊस आणि कांदा आहे, हिवाळी बदके वर्षागणिक घटत आहेत, आणि ग्रामपंचायत आता गाळ उपसून, पाणकणीस (उथळ पाण्यात वाढणारी उंच, लांब पात्यांची वनस्पती) मुळासकट काढून काठाने झाडे लावणार आहे, त्याने पक्षी परत येतील का? माझ्या मते ही कामे सरसकट झाली, तर पाणी वाढेल, पण उरलेसुरले बहुतेक पक्षीही जातील. पाणपक्ष्यांच्या दृष्टीने साठा किती, यापेक्षा पाणी कुठे किती उथळ आहे आणि काठाचा उतार कसा आहे, याला अधिक महत्त्व असते.

तलवार बदक पाण्यात डोके घालून, शेपूट वर करून तळाशी चरते. म्हणजे त्याची मान पोहोचेल तेवढेच, साधारण दीड फुटापर्यंतचे पाणी त्याच्या उपयोगाचे. लांब पायांच्या शेकाट्याला त्याहून कमी, तर तुतवारासारख्या लहान पक्ष्याला नुसता ओला चिखल पुरतो, कारण चिलटांच्या अळ्या, कृमी आणि गोगलगायी तिथेच मिळतात. परातीसारखा पसरट तलाव जेसीबीने उभ्या कडांचा केला, की ही सारी पंगत एका उन्हाळ्यात उठते. खोल पाण्यात पाणकावळे आणि बुडी मारणारी काही बदके तेवढी राहतात.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा तो दगडी बंधारा सिंचनासाठी बांधला गेला. शतकभरात त्यामागे गाळ साचून उथळ पाणी, बेटे आणि गवताळ दलदल तयार झाली आणि अडीचशेच्या घरात पक्षी-प्रजाती तिथे नोंदवल्या गेल्या. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१९ च्या नोंदीनुसार महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. ज्या गाळाला जलसंपदेच्या हिशेबात तूट म्हणतात, त्याच गाळावर हे वैभव उभे आहे. अर्थात तिथेही सारे आलबेल नाही: नदीतून सांडपाणी येते, पाणवेली माजतात आणि पाण्याची पातळी सिंचनाच्या आवर्तनांवर ठरते.

म्हणून गाळ काढूच नका, असे मी म्हणणार नाही. तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे, आणि अशा कामाला नुसता विरोध करणाऱ्या पक्षिमित्राचे गावात कोणी ऐकतही नाही. गाळ मधल्या खोल भागातून उचलावा, भरावाच्या पायथ्याशी खोदू नये, आणि पाणी आत येते त्या बाजूचा काठ वीस फुटांमागे एक फूट अशा सौम्य उतारावर तसाच ठेवावा. यंत्र उतरवण्यापूर्वी कोरड्या पात्रातून एकदा पायी फिरावे. टिटवीची मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी ढेकळांत टोके आत करून मांडलेली असतात आणि पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. नदी सुरयही ऐन उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. पाणकणीस तुकड्यातुकड्याने काढून निम्मे तरी राखावे, कारण जांभळी पाणकोंबडी आणि बोरू वटवट्या त्याच्याच आडोशाने राहतात, आणि पावसाळ्यातील विणीच्या काळात त्याला हात लावू नये. झाडांचा वेढा मात्र नकोच. पट्टकदंब (हिवाळी पाहुणा हंस) आणि क्रौंच यांना चहूकडे दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. चारदोन बाभळी पाण्यातल्या उंचवट्यावर असल्या तर उत्तम. इंदापूर तालुक्यातील भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक या करकोच्यांची वसाहत बाभळींवरच आहे.

आता शेतीकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. गहू-हरभऱ्याच्या शिवारात पट्टकदंब आणि क्रौंच चरतात, आणि कोवळे पीक खुडले गेल्यावर शेतकऱ्याचा संताप रास्तच असतो. तरीही अशी उघडी शेते तलावाचाच विस्तार असतात. त्यांची जागा ऊस किंवा द्राक्षाने घेतली, की पाणी तेवढेच राहूनही या पक्ष्यांचे चराऊ क्षेत्र आक्रसते. तुमच्याकडची घट निदान काही अंशी यामुळे असावी, असा माझा अंदाज आहे. दुसरी बाब फवारणीची. काठाजवळच्या वाफ्यातून वाहून आलेली कीटकनाशके आधी पाण्यातले कीटक मारतात, आणि दाणेदार औषध पक्षी दाणा समजून टिपतात. खतांचा निचरा पाणवेलींना पोसतो. पाण्यालगत वीस-पंचवीस फुटांची गवताची पट्टी बिनफवारणीची ठेवता आली, तर यातले बरेच तिथेच अडते. उतरत्या पाण्यामागोमाग उघड्या पडलेल्या गाळावर पेरणी, म्हणजे गाळपेर, होत असेल, तर निदान त्या जमिनीवर रासायनिक औषधे वापरू नयेत, कारण पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. पाणथळ जागांसंबंधीच्या २०१७ च्या नियमांत खास सिंचनासाठी बांधलेल्या कृत्रिम जलाशयांना पाणथळाच्या व्याख्येतूनच वगळले आहे, त्यामुळे तुमच्या तलावाला त्यांचे संरक्षण मिळणे अवघड दिसते. ग्रामसभेचा ठराव आणि कामाच्या अंदाजपत्रकासोबतचा नकाशा, ही दोनच साधने तुमच्या हाती आहेत. कोणता काठ सोडायचा, ते त्या नकाशावर आखून घ्या. तोंडी आश्वासन यंत्रचालकापर्यंत पोहोचत नाही.

काम सुरू होण्याआधी महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून, त्याच वेळी गणना करून ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा आणि सोबत पाण्याची पातळीही लिहून ठेवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यातही भाग घ्या. तुम्ही पाठवलेल्या यादीत फक्त नावे आहेत. संख्या आणि तारखा कळवल्यात, तर कोणता काठ राखावा याविषयी अधिक नेमके सांगता येईल.