खार जमिनीत जिप्सम टाकू का? – आधी बांध बघा

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: पेणजवळची खाडीकाठची दोन एकर खार जमीन वाट्याला आली आहे, शेती कोथरूडहून जाऊन-येऊन करायची आहे आणि बारामतीच्या मामांनी जिप्सम टाकायला सांगितलंय.

जिप्सम एवढ्यात घेऊ नका. मामांचं त्यांच्या जमिनीपुरतं बरोबर आहे. तिकडची चोपण जमीन वेगळी. तिचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी याचा आकडा) 8.5 च्या वर असतो आणि सोडियम मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेला असतो. त्याला हटवायला कॅल्शियम लागतं, ते जिप्सममधून मिळतं. तुमच्याकडे भरतीच्या पाण्यातून आलेलं मीठ आहे, मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडं. ती पाण्यात विरघळलेली, मोकळी असतात. अशा जमिनीचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं माप) 4 च्या वर जातो, पण सामू बहुधा 8.5 च्या आतच राहतो. हे मीठ गोड्या पाण्याने धुऊन जातं, आणि किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्याच्या सातशेच्या हिशेबाने विचार करू नका.

म्हणून खरा खर्च भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधावर करा. खेकड्यांची बिळं बुजवलीत का, उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप भरतीला नीट बंद होते का, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर पडतं का, हे स्वतः उभं राहून बघा. झडप गळत असेल तर बाकी सगळं वाया. बांध खारभूमी खात्याच्या योजनेतला आहे की खाजगी, हेही गावात विचारा. दुरुस्ती कोणी करायची ते त्यावर ठरतं.

पावसाळा संपला की भूजल वर असल्यामुळे मीठ केशाकर्षणाने पुन्हा वर चढतं. उन्हाळ्यात दिसतो तो पांढरा थर हाच. त्यामुळे मातीचा नमुना मे महिन्यात एकदा आणि भात काढताना एकदा घ्या, वरच्या वीतभर थराचा वेगळा आणि खालचा वेगळा. नुसता पांढरा थर खरवडून पुण्याच्या प्रयोगशाळेत दिलात तर आकडा बघून जमीन विकायला काढाल. सामू आणि सोडियम दोन्ही जास्त आले, तरच जिप्समचा विषय.

पीक म्हणाल तर खरिपात भात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2, 3 या जाती याच जमिनीसाठी आहेत. रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात भाताला मीठ सोसत नाही, म्हणून पहिले चांगले पाऊस जमीन धुऊन जाऊ द्यावेत, मग लावणी. तिथले शेतकरी मोड आलेलं बी फेकून रहूही करतात, मजूर कमी लागतात. रब्बीत शेततळ्याचं गोडं पाणी असेल तरच थोडी भाजी किंवा कलिंगड. आंब्याचा नाद सोडा. नारळ लावायचा तर बांधालगतच्या उंच, निचऱ्याच्या पट्ट्यावर.

फार्महाऊसचं तुम्ही लिहिलंय. ही चिकण माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मीठ सळईला खातं. शिवाय सीआरझेड आहे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारे नियम. बांध फुटून आत कांदळवन वाढलं असेल तर ते तोडता येत नाही, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. ठेकेदाराला बोलावण्याआधी तलाठ्याकडे आणि नकाशावर हे बघून घ्या.