माळावरचं बारीक निळं फूल शंखपुष्पीच का?

प्रश्न: सोलापूरजवळ नान्नजकडच्या माळावर जमिनीलगत पसरलेलं, शर्टाच्या गुंडीएवढं निळं फूल दिसलं. ही शंखपुष्पी का? कुंडीत लावता येईल?

उत्तर: वर्णनावरून ही विष्णुक्रांता वाटते, शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. शंखपुष्पी मात्र म्हणू नका. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस. केरळात त्याच नावाने गोकर्ण चालते, बंगालकडे कॅन्स्कोरा नावाची वनस्पती. विष्णुक्रांता धरून एका नावावर चार झाडं बसली की ते नाव ओळख पटवायला कुचकामी.

'निळी ती विष्णुक्रांता, पांढरी ती शंखपुष्पी' हे सूत्र ऐकून ऐकून कान किटले आहेत. विष्णुक्रांतेलाही क्वचित पांढरी फुलं येतात, मग काय करणार? रंग सोडा, फूल उघडून बघा.

सकाळी दहाच्या आत जा. पूर्ण उमललेलं एक फूल धरा आणि निळी चकती देठाकडून हलकेच ओढा. पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे सगळी चकती एकदम निघते, पुंकेसर तिलाच चिकटलेले असल्याने तेही तिच्याबरोबर येतात. मागे हिरव्या केसाळ पेल्यात नुसता स्त्रीकेसर उरतो. दहापट भिंगातून बघा: बुडापासूनच दोन दांड्या, प्रत्येकीला पुढे दोन फाटे, म्हणजे टोकाला चार बारीक धागे. हे दिसलं की विष्णुक्रांता. एकच दांडी आणि टोकाला दोन धागे असतील तर कॉन्व्हॉल्व्ह्युलस. दुपारी फूल मिटतं, दांड्या एकमेकींना चिकटतात आणि दोनाच्या जागी एकच दिसते. बहुतेकांची गफलत इथेच होते.

बाकीच्या खुणा आधाराला. फूल साधारण ७ ते १० मिमी, जवळजवळ सपाट. देठ दोऱ्यासारखा, बहुतेकदा पानाहून लांब. पानं एकाआड एक, लहान, रेशमी लव असलेली. फांद्या मुरमावर पसरतात, वेलासारख्या कशालाही विळखा घालत नाहीत. गोकर्ण वेल चढते आणि तिला शेंगा येतात, तेव्हा तिथे गोंधळाला जागाच नाही. केनाही निळा, पण त्याच्या दोनच पाकळ्या ठळक दिसतात आणि फूल होडीसारख्या हिरव्या आवरणातून बाहेर येतं.

कुंडीचं म्हणाल तर माळावरून उपटू नका. झाड बहुवर्षायू आहे, मूळ लाकडासारखं कडक आणि दगडांत रुतलेलं. ओढलं की तुटतं. पिकलेल्या बोंडातलं बी घेऊन मुरूम मिसळलेल्या, पाणी न साठणाऱ्या मातीत टाकून पाहा. नर्सरीत ब्लू डेझ नावाने मिळते ती ब्राझीलकडची वेगळी जात, फूलही मोठं. घेतलीत तर 'आपली विष्णुक्रांता' म्हणून कुणाला दाखवू नका.

आणि हो, वर फूल ओढायला सांगितलं ते नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाहेर. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर काहीही खुडू नका. फूल सपाट असल्यामुळे मोबाइलला मॅक्रो भिंग लावून सरळ वरून फोटो काढला तरी चार धागे दिसतात. वारा असेल तर तळहाताचा आडोसा करा. एक फोटो वरून, एक बाजूने देठासकट आणि एक पानाच्या पाठीचा. पुढच्या वेळी प्रश्नासोबत हे तीन टाका, आणि सकाळचे टाका.