दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली का?

प्रश्न : वय ४६, शेतीकाम करतो. खालची मागची दाढ काही महिने ठणकत होती, रात्रीची झोप नाही, मग एक दिवस दुखायचंच थांबलं. घरचे म्हणतात बरी झाली, आता कशाला डॉक्टर, तोही एवढा लांब, जाऊन-येऊन दिवस मोडतो. कामावर पाच-सहा वेळा गोड चहा होतो, बीपीची गोळी चालू आहे. आमच्याकडे पन्नाशीपर्यंत सगळ्यांचेच दात पडतात, वयानुसार होतंच ना हे?

उत्तर : दाढ बरी झालेली नाही, बहुतेक आतली नस मेलीये. दाताच्या बाहेरच्या इनॅमलमध्ये नस नसते म्हणून कीड सुरू होते तेव्हा काहीच कळत नाही, ती इनॅमलच्या आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये शिरली की थंड-गोड झोंबतं, नसेपर्यंत पोचली की रात्रीची ठणक. नस मेली की ठणक जाते पण जंतू तिथेच राहतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, पू धरतो आणि मग कधीतरी अचानक गाल सुजतो. तेव्हा आत्ता दुखत नाहीये तोवरच जाऊन एक्सरे काढा, रूट कॅनल करून दाढ वाचते का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता वयाचं. नुसत्या वयाने दात पडत नाहीत हो, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. तोंडातले जंतू साखरेचं ॲसिड करतात, तोंडाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात, आणि लाळेला हा पीएच परत जागेवर आणायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणजे साखर किती खाल्ली याच्याइतकंच किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या हॉस्पिटलात १९४५ पासून जे प्रयोग झाले त्यात हेच दिसलं, जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षा मधेमधे खाल्लेल्या चिकट गोडाने कीड कितीतरी जास्त झाली (ते प्रयोग मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय केले होते, ते चुकीचंच होतं). तुमचा पाच-सहा वेळचा चहा म्हणजे लाळेला दिवसभर उसंतच नाही. गोड चहा जेवणाच्या आसपास दोनदा घ्या, बाकीचा बिनसाखरेचा नाहीतर पाणी.

त्यात मोठ्या माणसांचं अजून एक असतं, हिरड्या मागे सरकतात, मूळ उघडं पडतं आणि मूळ इनॅमलपेक्षा मऊ म्हणून कमी ॲसिडलाही विरघळतं. तंबाखूने हिरड्यांचं अजून वाटोळं होतं. बीपीच्या, ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते, तोंड सारखं कोरडं पडत असेल तर डॉक्टरांना सांगा पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

खेड्यात दात लवकर जातात त्याचं मोठं कारण म्हणजे दवाखाना लांब आणि एक दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे माणूस दुखेपर्यंत थांबतो आणि तोवर काढण्याशिवाय इलाज उरत नाही. यात माणसांना दोष देण्यात काही अर्थ नाही. पण छोटी कीड एका फेरीत भरून होते, मोठीला फेऱ्याच फेऱ्या, म्हणून दुसऱ्या कामासाठी शहरात जाणं झालं की त्याच दिवशी दात दाखवून घ्या.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, मुलांच्या दातांवर डाग आहेत. मग आम्ही मोठ्यांनी फ्लोराइडची पेस्ट वापरावी का?

उत्तर : वापरा. डाग पडतात ते लहानपणी हिरडीच्या आत दात तयार होताना, मोठ्यांना पेस्टने नवे डाग येत नाहीत. पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं बघा, दोनदा घासा, त्यातलं एकदा रात्री झोपताना, थुंका आणि लगेच खळखळून चूळ भरू नका. पण पाण्याची तपासणी करून घ्याच, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी शोधा, कारण खूप जास्त असेल तर वर्षानुवर्षांनी हाडांनाही त्रास होतो.

प्रश्न : आई ६७ वर्षांची, मुळांशी काळी भोकं पडलीत. मशीनला घाबरते, लांबचा प्रवासही झेपत नाही.

उत्तर : मशीनशिवायही काम होतं. हाताच्या अवजारांनी मऊ झालेला भाग खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात, वीजही लागत नाही, ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली ती अशाच गावांसाठी. दुसरं म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं पातळ औषध, किडलेल्या जागी त्याचा थेंब लावला की बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. हे सिमेंट आणि हे औषध दोन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जवळपास दातांचं शिबिर लागलं की या दोन्हींची चौकशी करा. थेंबाने किडलेला भाग कायमचा काळा होतो, तेव्हा पुढचा दात असेल तर आधी आईला विचारा, तिला चालणार आहे का.